क्षेत्र आणि वाट : युरोपातील कॅथलिक समूहयात्रा व मराठी यात्रालेखन

प्रस्तावना

रहिमतपूर-कोरेगाव परिसरातील माणसाला ‘यात्रा’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ग्रामदैवताची वार्षिक यात्रा, दर्ग्यावरचा उरूस, आषाढातील पंढरीची वारी आणि पर्वकाळी क्षेत्र माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर केलेले स्नान या गोष्टी त्याच्या अनुभवात शेजारी शेजारी नांदतात. खुद्द रहिमतपुरात चौंडेश्वरीचे मंदिर आहे आणि विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याच्या नावाने ओळखली जाणारी कबरही आहे. परंतु याच वाचकापुढे ‘ख्रिस्ती यात्रा’ हा शब्दप्रयोग ठेवला तर तो क्षणभर अडखळतो. याचे एक कारण वाङ्मयीन आहे. सातारा भागात ख्रिस्ती धर्म आणि मराठी साहित्य यांचे नाते आठवते ते रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या रूपाने. त्यांनी १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. टिळकांची कविता वारकरी भक्तीच्या भाषेत न्हालेली असली तरी त्यांचा पंथ प्रोटेस्टंट होता, आणि संतांचे अवशेष, त्यांची क्षेत्रे व त्यांच्या यात्रा यांविषयी प्रोटेस्टंट परंपरा आरंभापासूनच साशंक राहिली आहे. त्यामुळे अभ्यासक्रमातून पोहोचलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्यात भक्ती दिसते, यात्रेकरू दिसत नाही.

हा यात्रेकरू शोधायचा तर कॅथलिक समाजाकडे, म्हणजे वसई, मुंबई, ठाणे, रायगड आणि गोवा या पट्ट्याकडे वळावे लागते. या भागातून भाविकांचे गट युरोपातील तीर्थस्थळांना जातात. बरोबर बहुधा एक धर्मगुरू असतो. दहा-पंधरा दिवसांत पोर्तुगालमधील फातिमा, फ्रान्समधील लूर्द, पॅरिसमधील चमत्कारी पदकाचे चॅपेल, इटलीतील पादुआ व असिसी आणि शेवटी रोम असा साधारण मार्ग असतो. काही गट बोस्नियातील मेजुगोर्येलाही जातात. तेथे अधिकृतपणे यात्रा नेण्यास व्हॅटिकनने २०१९ मध्ये मोकळीक दिली. २०२५ च्या ज्युबिली वर्षाने रोमयात्रेकडे पुन्हा लक्ष वेधले. परतल्यावर या यात्रेकरूंपैकी काही जण लिहितात. धर्मग्रामाच्या स्मरणिका, वार्षिकांक, समाजाची मासिके आणि क्वचित स्वखर्चाने काढलेली छोटी पुस्तके यांतून हे लेखन विखुरलेले आहे.

मराठी प्रवासवर्णनाच्या समीक्षेने या लेखनाची दखल घेतलेली नाही, आणि ते लिहिणाऱ्यांनीही तशी अपेक्षा धरलेली नाही. प्रस्तुत लेखात या लेखनप्रकाराचा विचार करावयाचा आहे. कोणा एका भाविकाच्या लेखनातील दोष दाखविणे हा त्याचा हेतू नाही. प्रश्न आहे तो असा : ज्या भाषेला यात्रेचे इतके समृद्ध कथन उपलब्ध आहे, त्या भाषेत युरोपची ख्रिस्ती यात्रा इतकी फिकी का उतरते?

यात्रा, वारी, टूर

या लेखनाचा सर्वसाधारण घाट असा असतो. आरंभी संकल्प, व्हिसाची धावपळ आणि आप्तेष्टांचा निरोप. मग तारीखवार स्थळे. प्रत्येक स्थळी संताचे संक्षिप्त चरित्र, ख्रिस्तमंदिराची लांबी-उंची, तेथे अर्पण झालेली मिस्सा, जेवणाची चव आणि थंडी. शेवटी जीवन धन्य झाल्याचा उद्गार. संतचरित्राचा भाग माहितीपुस्तिकेतून घेतलेला असल्याचे त्याच्या भाषेवरून सहज ओळखू येते. बारकाईने पाहिले तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. आरंभी ‘यात्रा’ हा शब्द असतो, तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत त्याची जागा ‘टूर’ने घेतलेली असते, आणि रोमला पोहोचेपर्यंत ‘यात्रेकरू’चे ‘आमचा ग्रुप’ झालेले असते. हे केवळ शब्दांचे सरमिसळणे नव्हे. लेखक नकळत एका कथनप्रकारातून दुसऱ्यात उतरतो आणि त्याला ते उतरणे जाणवतही नाही.

यात्रा आणि प्रवास यांचा असा गोंधळ मराठीला नवा नाही. उलट त्यातूनच आपले एक थोर पुस्तक निर्माण झाले आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले. मनात तीर्थाटनही होते. बंडाच्या धामधुमीत सापडून ते झाशीसह अनेक ठिकाणचे साक्षीदार झाले आणि अखेरीस आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी परतले. चिं. वि. वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी लिहिलेली हकीकत १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध झाली. गोडसे भटजी काही साहित्यिक नव्हते. म्हणूनच ‘साध्या भाविकांकडून वाङ्मयाची अपेक्षा कशाला’ हा आक्षेप येथे टिकत नाही. भटजींच्या लेखनात जे थरारते ते क्षेत्र नाही, वाट आहे : कोणी अन्न दिले, कोणी लुटले, कोठे भीतीने रात्र काढली. युरोपयात्रेच्या लेखनात वाट नाहीशी झालेली आहे. दोन क्षेत्रांच्या मध्ये आहे तो वातानुकूलित बसचा काळा-पांढरा तपशील : इतके तास, इतके किलोमीटर.

याचा दोष सर्वस्वी लेखकांचा म्हणता येणार नाही. विमान आणि बस यांनी वाटेतला धोका काढून घेतला, तसा वाटेतला माणूसही काढून घेतला. तरीही वाट पूर्णपणे संपलेली नसते. तिचे रूप पालटलेले असते. शेंगेन व्हिसासाठी बँकेचे उतारे जुळविताना होणारी निवृत्त शिक्षकाची दमछाक, बोटांचे ठसे नीट उमटत नाहीत म्हणून पुन्हा पुन्हा बोटे पुसणारी शेतकरी बाई, मुलाने दिलेल्या पैशांवर जाण्याचा संकोच. ही आजची वाट आहे. सहारच्या विमानतळावरून रात्री उड्डाण होते, तेव्हा सहार हे मुळात ईस्ट इंडियन कॅथलिकांचे गाव आहे याची आठवण एखाद्या तरी लेखात यावयास हवी होती.

ओवीतील क्षेत्रे

मराठी कॅथलिक लेखनाला यात्रेचे वाङ्मयीन भान नव्हते असे म्हणावे तर इतिहास आड येतो. फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्लंडचे. कॅथलिकांना जाच असलेल्या काळात ते मायदेश सोडून रोमला गेले, १५७५ मध्ये तेथे येशूसंघात दाखल झाले आणि १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये लिस्बनहून गोव्याला पोहोचले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाने बेथलेहेम आणि यरुशलेम ही स्थळे मराठी भाषेत आणून वसविली. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणताना स्टीफन्स कचरत नाहीत.

येथे एक वाङ्मयीन योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. गोव्याला उतरल्यावर काही दिवसांतच, १० नोव्हेंबर १५७९ रोजी, स्टीफन्स यांनी आपल्या वडिलांना इंग्रजीत एक दीर्घ पत्र लिहिले. त्यात दक्षिण आफ्रिकेच्या टोकाजवळचे वादळी वारे आहेत, जहाजाभोवती दिसणारे पक्षी व मासे आहेत, समुद्रावर आपली जागा ठरविण्यात येणारी अडचण आहे आणि हिरड्या सुजविणारा खलाशांचा रोगही आहे. म्हणजे वाटेचे कथन करणारा एक समर्थ गद्यलेखक त्यांच्यात होता. मात्र ती वाट इंग्रजी पत्रात राहिली आणि मराठीत आले ते क्षेत्रमाहात्म्य. पुराण हा घाट निवडला की ही विभागणी अपरिहार्य होती. पुराणात कवीच्या स्वतःच्या प्रवासाला जागा नसते. पुढच्या मराठी ख्रिस्ती लेखनावर या पहिल्या विभागणीची सावली दीर्घकाळ राहिली असावी, असे मानण्यास जागा आहे.

स्टीफन्सनंतर फ्रेंच येशूसंघीय एत्येन द ला क्रवा यांचे प्रेषित पीटरच्या चरित्रावरील ओवीबद्ध पुराण १६२९ ते १६३४ या काळात गोव्यात छापले गेले. परंपरेनुसार पीटरचा शेवट रोममध्ये झाला आणि आजचा यात्रेकरू ज्या महामंदिराच्या दारातून आत जातो ते त्याच्या कबरीवर उभे आहे. पादुआच्या संत अंतोनीवरील आंतोनियु द साल्दान्य यांचा ग्रंथ १६५५ मध्ये आला. त्याच्या शीर्षकातच पादुआ नगरीचे नाव आहे. याचा अर्थ, आजच्या सहलपत्रिकेतील दोन महत्त्वाची स्थानके, रोम आणि पादुआ, साडेतीनशे वर्षांपूर्वीच आपल्या किनाऱ्यावरच्या भाषेत येऊन पोहोचली होती. या ग्रंथांचे सगळेच काही अभिमानाने मिरवावे असे नाही. द ला क्रवांच्या पुराणातील हिंदू दैवतांचे खंडन आज वाचताना बोचते, आणि हे वाङ्मय ज्या सत्तेच्या छायेत छापले गेले ती सत्ता किती कठोर होती हे गोव्याच्या इतिहासाच्या वाचकाला सांगावयास नको. तरीही पादुआच्या मंदिरात उभे राहून त्याविषयी मराठीत लिहिणाऱ्याला आपल्या भाषेत हे नाव प्रथम उच्चारले जात नाही, याची जाणीव असणे आणि नसणे यांत फार अंतर आहे. ती जाणीव असलेला लेखक माहितीपुस्तिकेवर विसंबणार नाही.

दिंडी आणि बस

यात्रेच्या अभ्यासात समूहाला मध्यवर्ती स्थान आहे. व्हिक्टर आणि एडिथ टर्नर यांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात ख्रिस्ती यात्रांचा विचार करताना अशी मांडणी केली की यात्रेत माणसे आपले दैनंदिन दर्जे तात्पुरते मागे ठेवतात आणि एका निराळ्या समभावात प्रवेश करतात. विशेष म्हणजे या सिद्धान्ताच्या घडणीत महाराष्ट्राचा वाटा आहे. व्हिक्टर टर्नर यांनी त्याआधीच्या लेखनात पंढरीच्या वारीचा विचार करताना इरावती कर्वे यांच्या ‘वाटचाल’ या लेखाचा आधार घेतला होता. परंतु कर्वे यांचा लेख टर्नरांच्या सिद्धान्तापेक्षा अधिक प्रामाणिक आहे, असे म्हणावेसे वाटते. पंढरीला जाणाऱ्यांचा प्रदेश तो महाराष्ट्र, अशी उमज त्यांना वाटेवर झाली. त्याच वाटेवर ब्राह्मणांच्या आणि मराठ्यांच्या दिंड्या वेगळ्या चालतात, वेगळ्या जेवतात, हेही त्यांनी पाहिले आणि त्यांना ते सलले. दि. बा. मोकाशी यांच्या ‘पालखी’तही भक्तीच्या जोडीला थकवा, संशय आणि माणसांची किरकोळ भांडणे आहेत. चांदोबाच्या लिंबाजवळचे उभे रिंगण पाहिलेल्या सातारकराला ही दोन्ही अंगे ठाऊक असतात. पुढे १९९१ मध्ये जॉन ईड आणि मायकेल सॅलनो यांनी संपादिलेल्या ग्रंथाने टर्नरांना विरोध केला आणि यात्रा ही परस्परविरोधी अर्थांची झटापट असते, असे प्रतिपादन केले. त्यांच्या युक्तिवादाचे बीज कर्वे यांच्या सलण्यात आधीच होते, असे मराठी वाचकाला म्हणता येईल.

आता या दृष्टीने युरोपला गेलेल्या बसकडे पाहावे. बसमध्ये सामवेदी असतात, वाडवळ असतात, कोळी असतात, ईस्ट इंडियन, गोवेकर आणि मंगळूरकरही असतात. कोणी कादोडी बोलतो, कोणी कोंकणी, कोणी घरातही इंग्रजी. जपमाळेची प्रार्थना कोणत्या भाषेत म्हणायची, मिस्सा मराठीत की इंग्रजीत, स्तोत्र कोणते गायचे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) उपासनेत लोकभाषेला मुभा दिली आणि वसईत मराठी मिस्सा रुजली, त्यामागे कष्ट होते. ती मराठी लूर्दच्या एखाद्या लहानशा चॅपेलात उच्चारली जाते तेव्हा काय घडते, याचे वर्णन या लेखनात शोधूनही हाती लागणे कठीण आहे. मोठ्या आवाजाचे गायक कोण, मागच्या बाकावर गप्प बसलेले कोण, इंग्रजी न येणाऱ्या आजींना मार्गदर्शकाचे बोलणे कोण सांगतो, पैसे भरताना कोणी जमीन विकली आणि कोणाला मुलाने आखातातून पाठविले; हे सारे यात्रेचेच भाग आहेत. लेखक ते टाळतो, कारण ते लिहिले तर भक्ती उणी ठरेल अशी त्याची समजूत असते. कर्वे यांच्या लेखाने नेमके याच्या उलट सिद्ध केले आहे.

लूर्दची सायंकालीन दीपयात्रा हा या लेखनातील एकमेव प्रसंग असा, की जेथे बहुतेकांची भाषा जिवंत होते. हजारो हातांतील मेणबत्त्या, निरनिराळ्या भाषांतून चाललेली जपमाळ, चाकांच्या खुर्च्यांना आणि खाटांना दिलेला अग्रमान. येथे लेखक प्रेक्षक राहत नाही, चालणाऱ्यांपैकी एक होतो. दहा-पंधरा दिवसांत तो पायी चालतो ती बहुधा हीच एक यात्रा, आणि लेखन तेवढ्यापुरतेच उजळते. हा निव्वळ योगायोग मानता येत नाही.

याच संदर्भात युरोपातील एक घडामोड विचारात घ्यावी. स्पेनमधील सांतियागो द कोंपोस्तेलाचा प्राचीन यात्रामार्ग विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ ओस पडला होता. १९८७ मध्ये युरोप परिषदेने त्याला पहिला युरोपीय सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली आणि आज तेथे पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. किमान १०० किलोमीटर चालल्याशिवाय पायी यात्रेकरूला प्रमाणपत्र मिळत नाही. २०२४ मध्ये सर्व प्रकारच्या यात्रेकरूंना मिळून अशी जवळपास पाच लाख प्रमाणपत्रे दिली गेली. ज्यांच्याकडे आपण बसने जातो ते पुन्हा चालू लागले आहेत. आणि आळंदी ते पंढरपूर ही वाट ज्यांच्या दारावरून जाते त्यांना ही गोष्ट मराठीत सांगणारे कोणी नाही. पायी चालणारे ख्रिस्ती यात्रेकरू आपल्याकडे नाहीत असेही नव्हे. संत फ्रान्सिस झेवियरच्या डिसेंबरमधील सणासाठी बेळगाव आणि सिंधुदुर्ग भागातून भाविकांचे जथे जुन्या गोव्यापर्यंत चालत जातात. त्यांची ‘पालखी’ लिहिली जाणे बाकी आहे.

मूळ आणि प्रत

या लेखनातील सर्वांत गंभीर प्रश्न श्रेणीचा आहे. ‘आपल्याकडे लूर्दमातेची गुहा आहे, पण खरी गुहा पाहिली आणि…’ या धर्तीचे वाक्य निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा येते. यातील ‘खरी’ हे विशेषण तपासून पाहिले पाहिजे. त्याने वाडीतल्या गुहेला प्रतीचा, म्हणजे दुय्यमतेचा दर्जा दिला जातो, आणि तिच्यापुढे दर संध्याकाळी मेणबत्ती लावणाऱ्या बाईची भक्तीही नकळत दुय्यम ठरते. युरोपला जाऊ शकणारे आणि न जाऊ शकणारे असा भेद धर्मग्रामात निर्माण होतो. यात्रेवर होणारा खर्च लक्षात घेता हा भेद आर्थिकही आहे.

मराठी तीर्थविचाराची रीत याहून वेगळी आहे. वाईला दक्षिण काशी म्हणतात तेव्हा वाई काशीची नक्कल ठरत नाही. काशी वाईत येते. माहुलीच्या संगमावर स्नान करणाऱ्याला आपण प्रयागला गेलो नाही याची खंत असेल, पण माहुलीचे पाणी खोटे आहे असे तो म्हणत नाही. प्रतिपंढरपुरे गावोगाव आहेत आणि त्यामुळे पंढरी उणी झालेली नाही. वेलंकणीला ‘पूर्वेचे लूर्द’ म्हणताना कॅथलिक समाजानेही हीच रीत आत्मसात केली आहे. वांद्र्याच्या मोत माउलीला सप्टेंबरमध्ये लोटणाऱ्या गर्दीत सर्व धर्मांचे लोक असतात आणि त्यांपैकी कोणी मूळ कोठे आहे असे विचारीत नाही. वसईजवळच्या निर्मळचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तेथे शंकराचार्यांच्या समाधीची परंपरा, तलाव आणि कार्तिकातील यात्रा आहे, तेथेच होली क्रॉस ख्रिस्तमंदिरही आहे. एकाच गावाच्या मातीत दोन तीर्थपरंपरा रुजल्या आहेत. युरोपला गेलेला लेखक जर निर्मळची ही दृष्टी बरोबर घेऊन गेला, तर लूर्दकडे तो ‘खरे’ म्हणून पाहणार नाही. ‘थोरले’ म्हणून पाहील. एवढ्या एका शब्दाने लेखनाचा सूर पालटतो.

पाण्याची गोष्ट येथेच सांगावयास हवी. १८५८ मध्ये बर्नादेत सुबिरू या मुलीला मरियेचे अठरा वेळा दर्शन झाले आणि त्या काळात गुहेतील झरा प्रकट झाला, अशी लूर्दची श्रद्धा आहे. प्रत्येक यात्रेकरू ते पाणी घरी आणतो. गोडसे भटजींनी गंगाजळ खांद्यावरून आणले. आजच्या यात्रेकरूला विमानातील द्रवपदार्थांच्या निर्बंधामुळे लूर्दच्या बाटल्या कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाकाव्या लागतात, आणि बॅग उघडेपर्यंत त्याचा जीव त्यात असतो. घरी आल्यावर ते पाणी वाटले जाते. आजाऱ्याच्या ओठाला, नव्या घराच्या उंबऱ्याला, कधी हिंदू शेजारणीलाही. क्षेत्र गावात येते ते या बाटलीतून. मराठी वाचकाला यात्रेचा हा भाग सर्वांत जवळचा वाटला असता. पण बहुतेक लेखांत तो ‘तीर्थजल घेतले’ या दोन शब्दांत संपतो. उलट चमत्कारांच्या कथांना पानेच्या पाने मिळतात. खुद्द चर्च या बाबतीत किती सावध आहे, हे मात्र सांगितले जात नाही. लूर्द येथे १८८३ पासून वैद्यकीय तपासणीची व्यवस्था आहे, आणि हजारो दाव्यांपैकी चर्चने मान्य केलेले चमत्कार इतक्या वर्षांत सत्तरीच्या थोडेच पुढे गेले आहेत. श्रद्धेची ही शिस्त भाविक लेखकाला अडचणीची वाटण्याचे कारण नाही.

प्रश्न घेऊन गेलेले यात्रेकरू

भारतीय भाषांतील पहिले प्रवासवर्णन म्हणून ज्याचा निर्देश केला जातो ते मल्याळममधील ‘वर्तमानप्पुस्तकम्’ रोमयात्रेचेच आहे. पारेम्माक्कल तोम्मा कत्तनार आणि जोसेफ करियाट्टिल हे केरळमधील धर्मगुरू १७७८ मध्ये निघाले आणि आठ वर्षांनी परतले. परतताना करियाट्टिल यांचा गोव्यात मृत्यू झाला. त्यांच्या प्रवासाचे प्रयोजन निव्वळ दर्शन नव्हते. परदेशी मिशनऱ्यांच्या वर्चस्वाविरुद्ध स्थानिक ख्रिस्ती समाजाची तक्रार घेऊन ते लिस्बन आणि रोमच्या दारात उभे राहिले. श्रद्धा अढळ ठेवूनही रोमला जाब विचारता येतो, याचा हा दोनशे वर्षांहून जुना दाखला आहे. मराठी कॅथलिक यात्रालेखनाने हा वारसा आपला मानलेला नाही.

मराठीतही असे एक उदाहरण आहे, मात्र ते कॅथलिक परंपरेबाहेरचे. पंडिता रमाबाईंचे बालपण वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर तीर्थांतून पायी हिंडण्यात आणि पुराणे सांगण्यात गेले. त्या भ्रमंतीतच दुष्काळाने त्यांचे आईवडील हिरावले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच वर्षी त्यांचा ‘इंग्लंडचा प्रवास’ प्रसिद्ध झाला. तीर्थाटनाची किंमत स्वतः मोजलेल्या या बाईने नव्या धर्मातील अधिकाऱ्यांशीही श्रद्धेच्या आणि आज्ञापालनाच्या प्रश्नांवर वाद घातला. मराठी ख्रिस्ती माणसाच्या युरोपदर्शनाचा आरंभ अशा ताठ कण्याने झाला आहे.

अलीकडच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांच्या लेखनाने हा धागा पुढे नेला. १९८३ ते २००७ या काळात ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक आणि २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, अशी त्यांची ओळख सर्वांना आहे. ख्रिस्तभूमीवरील त्यांच्या पुस्तकाचे शीर्षक ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ असे आहे आणि त्याचा विषय इस्रायल-पॅलेस्टाइन संघर्षाचा इतिहास हा आहे. ‘यात्रा’ या शब्दाला त्यांनी ‘संघर्ष’ जोडला, यातच एक समीक्षादृष्टी आहे. पवित्र भूमीवर आज माणसे राहतात, त्यांची घरे जातात, त्यांची मुले मरतात. तीर्थ म्हणून त्या भूमीकडे पाहणाऱ्याने या माणसांकडे पाठ फिरवू नये, ही ती दृष्टी होय. हरित वसईच्या चळवळीत पाण्यासाठी आणि शेतीसाठी उभ्या राहिलेल्या लेखकाने असे लिहावे हे स्वाभाविक होते. याउलट युरोपयात्रेच्या लेखनात युरोपचा आजचा माणूस जवळजवळ नसतोच. रिकामी पडत चाललेली ख्रिस्तमंदिरे, तेथे सेवा करणारे भारतीय धर्मगुरू आणि धर्मभगिनी, स्मरणवस्तूंच्या दुकानात उभे असलेले स्थलांतरित तरुण यांच्याकडे पाहण्यास सहलीच्या वेळापत्रकात अवकाश नसतो. लेखकाने तो काढावयास हवा.

वसईपुरते बोलावयाचे तर असे पाहणे सुरू करण्यास एक सूत्र घरातच उपलब्ध आहे. संत गोन्सालो गार्सिया हे सोळाव्या शतकात वसईत जन्मले, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर मारले गेले आणि ८ जून १८६२ रोजी रोममध्ये संत म्हणून घोषित झाले. संतपद मिळालेले ते पहिले भारतीय. त्यांच्या जीवनाचा नकाशा वसई, नागासाकी आणि रोम असा आहे, आणि त्याचे पहिले टोक वसईच्या किल्ल्याच्या पडझडीत उभे आहे. वसईहून निघालेली बस रोमला पोहोचते तेव्हा सहलपत्रिकेवर पीटरची कबर असते, सिस्टिन चॅपेल असते, त्रेवीचे कारंजे असते. १८६२ च्या त्या दिवशी आपल्या गावाचे नाव या नगरीत कसे उच्चारले गेले, तेव्हा वसईत कोण होते आणि त्यांना ते केव्हा कळले, या प्रश्नांचा माग काढणारा एखादा यात्रेकरू निघाला, तर मराठीतील या लेखनप्रकाराला त्याचे पहिले खरे पान मिळेल.